नाव काढणे

मराठीत 'नाव काढणे' याचे दोन अर्थ होतात. पोरानं शाळेचं नाव काढलं म्हणजे शाळेला मोठेपणा मिळवून दिला. शाळेनं पोराचं नाव काढलं म्हणजे त्याला पटावरून कमी केलं. दहावी-बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात चौकाचौकात फ्लेक्स लागतात, ते सगळे पहिल्या अर्थाचे. दुसऱ्या अर्थाचा फ्लेक्स कुणी लावत नाही. पण कोल्हापुरातल्या बोर्डिंगांच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव दोन्ही अर्थांनी निघालेलं आहे.

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. आपण ते भाषणात इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यामागची अडचण डोळ्यांसमोर येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातल्या पोराला इथं शिकायचं असेल तर पहिला प्रश्न बुद्धीचा नव्हता. रात्री पाठ कुठं टेकायची आणि जेवायचं कुणाकडं, हा होता. दुसऱ्या जातीच्या पोराला घरात ठेवून घेऊन पंगतीला बसवणारं घर शोधून सापडलं नसतं. शाहू महाराजांनी आधी सगळ्यांसाठी म्हणून वसतिगृह काढून पाहिलं, पण त्याचा फायदा प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. मग त्यांनी वास्तव जसं होतं तसं धरलं आणि समाजासमाजाला पुढं करून बोर्डिंगं उभी केली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. लिंगायत समाजाचंही झालं. आज दसरा चौकात उभं राहिलं तर यातली काही चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरात आहेत. मधोमध महाराजांचा पुतळा आहे आणि रिक्षावाल्याला 'बोर्डिंग' एवढंच सांगितलं तर तो हमखास विचारतो, "कुठलं?"

जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक मुलगा राहायला होता. अभ्यासात यथातथा, अंगानं दणकट, कुस्तीचा नाद. 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर त्याला सांगितलं गेलं की आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात यायचं नाही. तो म्हणाला, आंघोळ करणार नाही. त्याचं नाव बोर्डिंगमधून निघालं. पुढं शाहू महाराजांनी त्याला आपल्याकडं ठेवून घेतलं, तरी मॅट्रिक काही तो झाला नाही.

हा मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, जिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करायची, एकत्र जेवायची आणि राबून शिकायची. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पोरांना खायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रसुद्धा गेलं. 1959 मध्ये पुणे विद्यापीठानं या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी.लिट. दिली.

आता सोपा निष्कर्ष असा की, बघा, नापास मुलगाही मोठा होतो. मला तो पटत नाही. तो पुन्हा मोठेपणावरच येऊन थांबतो. समजा भाऊराव पुढं कुणीच झाले नसते. कुंभोजला जाऊन शेती केली असती आणि म्हातारपणी पारावर बसून तंबाखू मळत बोर्डिंगच्या गोष्टी सांगितल्या असत्या. मग 1908 चा तो नकार कमी बरोबर ठरला असता का? आणि बोर्डिंगनं त्यांना तोवर जे जेवण घातलं, ते वाया गेलं असतं का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडं एखाद्यानं फक्त यशस्वी झालेल्या रिक्वेस्टचेच लॉग ठेवले तर त्याची सिस्टीम कायम शंभर टक्के चालू दिसेल. गुणवंतांचा फलक हा असला लॉग आहे. त्यातली एकही नोंद खोटी नसते, तरी बोर्डिंग काय करतं हे त्यातून कळत नाही. तिसऱ्या खोलीतला जो पोरगा दोनदा नापास झाला, मग आयटीआय करून शिरोलीच्या एमआयडीसीत लागला आणि ज्यानं धाकट्या बहिणीला शिकवलं, त्याच्यासाठीही त्याच कढईत आमटी शिजली होती.

दुसरी बाजूही खरी आहे. चंदगड किंवा राधानगरीकडची आई पोराला एकटं शहरात पाठवते, तेव्हा तिला कुणीतरी सांगितलेलं असतं की अमक्याचा पोरगा तिथं राहून इंजिनिअर झाला. फलकाशिवाय तिचा विश्वास कशावर बसणार? आणि देणगीदारालाही काहीतरी दाखवावं लागतं. म्हणून फ्लेक्सला हसणाऱ्यांचा मला थोडा रागच येतो. बहुतेकदा त्यांचा स्वतःचा एक फ्लेक्स कधीतरी लागून गेलेला असतो.

अण्णासाहेब लठ्ठ्यांबद्दलही तसंच. भाऊराव राहत होते तेव्हा जैन बोर्डिंगचे अधीक्षक तेच होते. त्यांना खलनायक करणं सोपं आहे, पण ते सनातनी गृहस्थ नव्हते. सुधारणावादी, इंग्रजीचे प्राध्यापक, पुढं शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे, 1937 मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले. समाजाच्या पैशावर चालणारी संस्था सांभाळणारा माणूस समाजाच्या नियमाला धरून राहतो, कारण उद्याचं धान्य तिथूनच यायचं असतं. जी भिंत आतल्यांना आधार देते, ती बाहेरच्यांना अडवतेही, आणि तिची राखण कुणाला तरी करावी लागते. भाऊरावांचं बरोबर होतं असं मी बेधडक म्हणतो, पण माझ्यावर शंभर पोरांच्या जेवणाची जबाबदारी नाही, हेही मला ठाऊक आहे.

या दोघांच्या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त अवघड वाटतो. 1914 मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. संशय लठ्ठ्यांवर होता. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्याच्या बोर्डिंगमधून आपलं नाव निघालं, त्याच माणसाचा हिशेब चुकता करायची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. तुरुंगात छळ झाला, जीव द्यायचा प्रयत्न करण्यापर्यंत वेळ आली, तरी दिली नाही.

याला माजी विद्यार्थ्याची निष्ठा म्हणायचं का? मला वाटतं, नाही. 'आपल्या बोर्डिंगचा माणूस' म्हणून त्यांनी लठ्ठ्यांना वाचवलं असेल तर ती आपल्या ग्रुपवरची निष्ठा झाली: आपल्या बॅचचा आहे ना, मग सांभाळून घ्या. आंघोळ नाकारणं आणि साक्ष नाकारणं हे दोन्ही मला एकाच स्वभावातून आलेले दिसतात. मिस क्लार्कमधल्या पोरांना स्पर्श झाल्यानं आपण बाटलो, हे खोटं होतं. लठ्ठ्यांनी केलं म्हणून सांगणं, हेही खोटं होतं. पहिल्या वेळी लठ्ठे समोर होते, दुसऱ्या वेळी जाळ्यात. भाऊरावांनी माणूस बघून उत्तर बदललं नाही. हे बोर्डिंगनं शिकवलं की बोर्डिंगशी भांडताना आलं, हे वेगळं काढता येईल असं वाटत नाही. त्यामुळं 'संस्थेचे ऋण' हा शब्द भाषणात आला की मी जरा सावध होतो. भाऊरावांनी ते जैन बोर्डिंगकडं परत केलंच नाही. साताऱ्याला नेऊन, भिंत पाडून, दुसऱ्यांच्या पोरांना दिलं.

मी ज्या वसतिगृहात राहिलो, तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर यंदा निधी जमतोय. दीडशेच्या वर माणसं, पुण्यापासून टेक्सासपर्यंत. "नाद खुळा भावा" म्हणत धडाधड पैसे आले. ठराव असा मांडला गेला की दहावीला 85 टक्क्यांच्या वर असलेल्या मुलांना शिष्यवृत्ती आणि जाहीर सत्कार. मी सुचवलं की टक्क्यांची अट काढून ज्यांची मेसची फी थकली आहे त्यांची भरूया, नावं न सांगता, आणि मुलगा कुठल्या समाजाचा हे न विचारता. एकानं लिहिलं, "मग नापास पोरांनापण पोसायचं काय?" मी लिहिलं, "होय." त्यावर दोन अंगठे आले आणि एका सीनिअर दादांचा खासगी मेसेज. त्यांची फी तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी भरली होती आणि हे त्यांनी घरीही कधी सांगितलेलं नव्हतं. "ग्रुपवर टाकू नकोस," असं ते म्हणाले, आणि त्यांना विचारूनच, नाव गाळून, मी ते इथं लिहिलंय. मतदान रविवारी आहे.