पांढऱ्या पेशी वाढवून काय मिळवणार?

कोरोना ओसरला, 'इम्युनिटी बूस्टर' मात्र मुक्कामाला राहिला. काढा असो, चूर्ण असो की गोळी, वचन एकच: शरीरातली फौज वाढवू. २०२० साली ग्रामीण महाराष्ट्रात सरकारी पाठबळाने होमिओपॅथीच्या अर्सेनिकम अल्बम ३० च्या गोळ्या वाटल्या गेल्या, तेव्हा या कल्पनेला राजमान्यताही मिळाली. शहरातल्या धडधाकट माणसाने असलं चूर्ण घेतलं तर बहुतेक वेळा खिसा हलका होण्यापलीकडे काही घडत नाही. यवतमाळ जिल्ह्यात मात्र ही कल्पना निरुपद्रवी नाही. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात कोलामांच्या पोडांवर, गोंड, परधान आणि बौद्ध वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी ठाऊक आहे. आणि 'पांढऱ्या पेशी जितक्या जास्त तितकं बळ जास्त' हे गणित सिकलसेलच्या रुग्णाला लावलं, तर ते नुसतं चुकत नाही, उलटं पडतं.

खरं तर हे गणित जन्मापासूनच संशयास्पद होतं. पांढऱ्या पेशींनी रक्त अक्षरशः फिकट पडलेल्या रुग्णाची नोंद जर्मन डॉक्टर विर्शोने १८४५ साली केली आणि दोन वर्षांनी त्या आजाराला ल्यूकेमिया हे नाव दिलं. सामान्य माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. ल्यूकेमियात त्या लाखांवर जाऊ शकतात आणि तरीही रुग्ण साध्या जंतुसंसर्गाने दगावतो. एर्लिखने रंग वापरून या पेशींच्या जाती वेगळ्या केल्या, तेव्हा 'पांढरी पेशी' नावाची एकच एक वस्तू नसते हेही कळलं. मोजदादीचा मोह एवढ्यावर सुटायला हवा होता. तो सुटला नाही, कारण मध्ये प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकोव्ह आला, आणि त्याला आपण आजवर चुकीचं वाचत आलो आहोत.

इटलीतल्या मेसिनाची त्याची ती गोष्ट सर्वांना माहीत आहे. १८८२ साल, तारामाशाची काचेसारखी पारदर्शक अळी, तिच्यात त्याने खुपसलेला काटा, आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती जमलेल्या पेशी. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात आणि सांगतात, शरीराच्या सैनिकांचा शोध लागला. पण मेचनिकोव्ह त्या काट्यापर्यंत कुठून आला होता, हे कोणी विचारत नाही. तो डॉक्टर नव्हता, जंतुशास्त्रज्ञही नव्हता. तो गर्भविकासाचा अभ्यासक होता. चपट्या कृमींमध्ये पेशी अन्नाचे कण गिळून आतल्या आत पचवतात, हे त्याने १८६०च्या दशकातच पाहिलं होतं. अळीचं रूपांतर होताना निरुपयोगी झालेले अवयव कोण नाहीसे करतं, हा त्याचा प्रश्न होता. बेडकाच्या पिल्लाचं शेपूट विरघळताना तिथेही त्याला याच भटक्या, गिळणाऱ्या पेशी दिसल्या. त्या बाहेरच्या शत्रूला नव्हे, आपल्याच शरीराच्या कालबाह्य भागाला खात होत्या.

म्हणजे क्रम असा होता: आधी पचन, मग घडण आणि साफसफाई, आणि सर्वात शेवटी संरक्षण. काट्याचा प्रयोग हा या विचाराचा शेवट होता, आरंभ नव्हे. लग्नघरी पत्रावळ्या उचलणारी माणसं मांडवात शिरलेलं कुत्रंही हुसकून लावतात; तेवढ्यावरून त्यांना कोणी पहारेकरी म्हणत नाही. आजचं शरीरशास्त्रही मेचनिकोव्हच्या क्रमालाच दुजोरा देतं. आपल्या शरीरातल्या भक्षकपेशी रोज सुमारे २०० अब्ज जुन्या तांबड्या पेशी गिळतात आणि त्यांच्यातलं लोह काढून नव्या पेशींसाठी परत देतात. एकही जंतू आत आला नाही, तरी हे काम एक दिवस थांबत नाही.

फौजेची प्रतिमा मग आली कुठून? थोडा दोष मेचनिकोव्हचाही आहे. पाणपिसू आणि बुरशी यांच्यावरच्या १८८४च्या लेखात लढाईची भाषा त्यानेच वापरली. काळही कॉख आणि पाश्चर यांचा होता. प्रत्येक आजाराला एक शत्रू हवा होता. बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० साली रक्तद्रवातली प्रतिविषं दाखवली आणि पेशी श्रेष्ठ की द्रव, असा वाद पेटला. १९०८चं नोबेल मेचनिकोव्ह आणि एर्लिख यांना वाटून देऊन तो मिटवल्यासारखा केला गेला. मेचनिकोव्हचाच शिष्य हाफकिन याने १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. या सगळ्या धामधुमीत गुरूचा मूळ प्रश्न, शरीर स्वतःला नीट कसं राखतं हा, बाजूला पडला.

पुढचा पल्ला निर्वेध आहे. १९६१ साली टिल आणि मॅकलक यांनी अस्थिमज्जेतल्या मूळपेशी दाखवल्या. त्याच वर्षी मिलरने थायमसचं काम उलगडलं. मग बी आणि टी पेशींची विभागणी झाली. १९९५ साली साकागुची यांनी इतर पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशी दाखवल्या, आणि २०२५च्या नोबेलने त्या कामावर शिक्कामोर्तब केलं. पांढऱ्या पेशींमध्ये आवर घालणाऱ्यांचीच एक वेगळी जात आहे, यावर 'बूस्टर'वाल्यांनी क्षणभर तरी थांबायला हवं.

आता यवतमाळकडे वळू. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. सिकलसेल तांबड्या पेशींचा आजार म्हणून शिकवला जातो, आणि मूळ बिघाड तिथलाच आहे. सामान्य तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलमधली १० ते २० दिवस. पण कापूसवेचणीच्या दिवसांत पहाटेच्या थंडीत किंवा उन्हाळ्यात अंगातलं पाणी आटल्यावर हाडं फोडणाऱ्या वेदना सुरू होतात, त्या वेळी रक्तवाहिनीत पांढऱ्या पेशीही गुन्ह्यात सामील असतात. बारीक शिरांच्या भिंतीला न्यूट्रोफिल या जातीच्या पांढऱ्या पेशी चिकटतात आणि विळ्यासारख्या तांबड्या पेशींना तिथेच अडकवून धरतात. वाट तुंबते.

या रुग्णांमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा एरवीही चढलेला असतो. अमेरिकेतल्या ३,७६४ रुग्णांच्या १९९४च्या अभ्यासात हा आकडा १५,००० च्या वर असणं हे लवकर मृत्यूचा धोका दाखवणाऱ्या खुणांपैकी एक ठरलं. आणि एवढी 'फौज' असूनही याच मुलांना न्यूमोकॉकससारख्या जंतूंची सर्वात जास्त भीती. कारण रक्त गाळून असे जंतू टिपणारी पाणथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच निकामी होऊ लागते. आपल्याकडे ती पुष्कळदा आकाराने मोठी राहते, पण आकार म्हणजे काम नव्हे. आकडा चढता आणि संरक्षण उतरतं, हे दोन्ही एकाच मुलाच्या एकाच रक्तात. याहून स्पष्ट उत्तर कोणत्या प्रयोगशाळेने द्यायचं?

उपचारही तेच सांगतात. हायड्रॉक्सीयुरियाच्या १९९५च्या चाचणीत २९९ प्रौढ रुग्णांमध्ये वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेतही मुलांना फायदा होतो हे दाखवलं. हे औषध गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि न्यूट्रोफिल कमी करतं. झटके कमी होण्याचा संबंध या घटीशीही जुळला. उलट, पांढऱ्या पेशी खरोखर वाढवणारं इंजेक्शन वैद्यकात आहे: फिलग्रास्टिम. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली घसरले की ते जीव वाचवू शकतं. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये मात्र त्याने तीव्र, काही वेळा प्राणघातक झटके आले आहेत, आणि तशी ताकीद औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेली असते. खराखुरा 'बूस्टर' यवतमाळच्या पोडावर काय करेल, याचं उत्तर त्या माहितीपत्रकात आहे.

आकड्याला अर्थ नाही, असं माझं म्हणणं नाही. हायड्रॉक्सीयुरिया चालू असताना रक्ततपासणी वारंवार करायची ती याचसाठी, की न्यूट्रोफिल फार उतरले तर गोळी थांबवता यावी. पण तिथे डॉक्टर मर्यादा सांभाळत असतो, भरती करत नसतो. फौजेची कल्पना डोक्यात घट्ट बसलेल्या घरात 'या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होतात' एवढंच वाक्य गोळी बंद व्हायला पुरेसं आहे. ही भीती जाहिरातींनी पेरली, आणि पाठ्यपुस्तकातल्या ढाल-तलवारीच्या चित्रांनी तिला खतपाणी घातलं.

२०२३ साली राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासण्या होत आहेत, कार्डं वाटली जात आहेत. त्या कार्डासोबत दोन वाक्यं तरी माणसांच्या बोलीत, कोलामीत आणि गोंडीतसुद्धा, सांगितली गेली पाहिजेत. बाळाला पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस हवी, कारण त्याच्या पाणथरीचं काम दुसऱ्या कोणीतरी करायचं आहे. आणि गोळीने पांढऱ्या पेशी उतरल्या तर घाबरायचं नाही, तपासून घ्यायचं. बऱ्याचदा ती गोळी लागू पडल्याची खूण असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही गोळी महिनोन्‌महिने न चुकता मिळाली, तर जिल्ह्यातल्या सगळ्या चूर्णांनी मिळून जेवढं संरक्षण दिलं नसेल तेवढं ती एकटी देईल.