स्वीकार आणि शरणागति

'जें आहे तें मान्य करावें' हा उपदेश आपल्याकडे इतका जुना आहे कीं त्याची परीक्षा करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु तो करणारा कोण व ऐकणारा कोण, हें पाहिल्यावांचून त्याची किंमत ठरत नाहीं. सासरीं गांजलेल्या मुलीस वडीलधाऱ्यांनीं 'नशीब म्हणून सोस' असें सांगणें, आणि पुत्रशोकानें खचलेल्या आईनें आपल्या दुःखाकडे स्वतः डोळे उघडून पाहणें, या दोहोंस आपण 'स्वीकार' हा एकच शब्द लावतों. गेल्या कांहीं दशकांत स्वीकार हा मानसोपचाराचा एक आधारस्तंभ झाला असल्यामुळें हा घोटाळा निस्तरणें अगत्याचें आहे.

१९७९ सालीं जॉन कबाट-झिन यांनीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांत, जुनाट वेदनांनीं व ताणानें त्रस्त झालेल्या रोग्यांसाठीं सजगतेच्या साधनेचा वर्ग सुरू केला. श्वासाकडे, शरीराकडे व मनांत उठणाऱ्या विचारांकडे निवाडा न करतां लक्ष देणें, ही बौद्ध परंपरेंतील साधना त्याचा गाभा होती. पुढें नेवाडा विद्यापीठांतील स्टीव्हन हेज यांनीं स्वीकार व कृतीचा निर्धार यांची सांगड घालणारी उपचारपद्धति उभारली.

यामागचें तत्त्व असें कीं नकोशा विचाराशीं झुंजल्यानें तो बळावतो. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत डॅनिअल वेग्नर यांनीं विद्यार्थ्यांस पांच मिनिटें पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास आणि तो आलाच तर घंटा वाजविण्यास सांगितलें. घंटा वाजतच राहिल्या! २००० सालीं जॉन टीसडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विषादरोगांतून बऱ्या झालेल्या १४५ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांस हा रोग पूर्वीं तीन किंवा अधिक वेळां झाला होता, त्यांच्यापैकीं नेहमीच्या उपचारावर राहिलेल्या शेंकडा ६६ जणांस तो पुन्हां जडला; सजगता शिकलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ३७ होतें. दोनच वेळां आजारी पडलेल्यांस मात्र असा लाभ दिसला नाहीं. औषध गुणकारी आहे, पण सर्वांस नव्हे.

आतां कोणी विचारील, हा जुनाच दैववाद नवीन वेषांत आला नाहीं काय? तसें नाहीं. येथें स्वीकारावयाचें असतें तें आपल्या मनांतील भय, शोक, लज्जा. बाहेरचा अन्याय नव्हे. त्या गांजलेल्या मुलीचेंच घ्या. भीति गेल्यावर मी उंबरठा ओलांडीन, असें ती म्हणेल तर तिला जन्मभर थांबावें लागेल. भीति आहे हें मान्य करून, तिला बरोबर घेऊनच ती बाहेर पडूं शकते. शरणागति पाय बांधते; स्वीकार ते मोकळे करतो.

म्हणूनच समुपदेशकाची जबाबदारी मोठी आहे. ही साधना विषादरोगासाठीं योजतांना टीसडेल व त्यांच्या सहकाऱ्यांस उमगलें कीं स्वतः केल्यावांचून ती दुसऱ्यास शिकवितां येत नाहीं. याचें कारण नैतिकहि आहे. दुसऱ्याचे अश्रु पाहणें आपल्यास सहन होत नाहीं, म्हणून आपण लगबगीनें 'धीर धरा' म्हणतों. त्यांत पुष्कळदां शांति हवी असते ती आपल्यालाच. स्वतःच्या अस्वस्थतेपाशीं ज्याला बसतां येतें, तोच दुसऱ्याच्या दुःखापाशीं गप्प बसूं शकतो. मेलेलें मूल घेऊन आलेल्या किसा गोतमीस बुद्धानें 'मान्य कर' असें म्हटलें नाहीं. जेथें कोणी मेलें नाहीं अशा घरांतून मोहऱ्या आणावयास पाठविलें. सत्य तिला दारोदार फिरून तिचें तिलाच सांपडलें.

स्वीकार हा असा आंतून उगवावा लागतो. तो कोणावर लादतां येत नाहीं. तेव्हां तो उपदेश ओठांवर येतांच आपण स्वतःस एकच प्रश्न विचारावा: माझ्या या शब्दांनीं समोरचा माणूस अधिक मोकळा होणार आहे, कीं केवळ माझ्या सोयीसाठीं गप्प होणार आहे?