छत्तीसचा आकडा

पूर्वी प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाची माहिती काढायला निदान तासभर लागत असे. सध्या मुक्काम कुठे, मूळचे कुठले, नोकरी कशात, मुलीचं जमलं का, अशा पायऱ्या चढत चढत आपण त्याच्या कुंडलीपर्यंत पोचत असू. आता एवढे कष्ट पडत नाहीत. माणूस मोटारीत बसला की त्याची कुंडली मोटारीच्या पुढे आणि मागे अशी दोन ठिकाणी टांगलेली असते. एमएच १२ म्हटलं की पुणे. मग तो हॉर्न का वाजवत नाही, वाजवला तर कोणाच्या अज्ञानाबद्दल वाजवला, आणि त्याला पत्ता विचारला तर काय ऐकावं लागेल, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. एमएच ३१ म्हटलं की नागपूर. रस्ते रुंद, मन रुंद आणि वळणंही रुंद. आणि एमएच ३६ म्हटलं की आम्ही. भंडारा.

ही सोय फार जुनी नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरं व कचेरीचे दोन आकडे असा हिशेब सुरू झाला. त्यापूर्वी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत, आणि त्यावरून गाव सांगायला आरटीओतला जुना कारकूनच गाठावा लागे. आता शाळेतलं पोरसुद्धा वर्धा ३२, गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४ असे पाढे म्हणतं. या पाढ्यात एक गंमत आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण नंबर पाहाल तर गोंदिया ३५ आणि भंडारा ३६. लेक आईच्या पुढे जाऊन रांगेत उभी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, आजकालच्या लेकी अशाच.

बरं, आकडा मिळाला तो तरी कसा? छत्तीस! मराठी भाषेत दोन माणसांचं पटत नसलं की त्यांचा छत्तीसचा आकडा आहे असं म्हणतात. देवनागरीत तीन आणि सहा शेजारी लिहून पाहा, दोघे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दिसतात, दुपारच्या भांडणानंतर नवरा-बायको बसतात तसे. असा आकडा गाडीवर मिरवत आम्ही महाराष्ट्रभर हिंडतो. परगावच्या माणसाचा आमच्याबद्दल गैरसमज व्हायला आणखी काय पाहिजे?

दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. हॉर्नची तर सहा कोसांवरच बदलते. जुना राष्ट्रीय महामार्ग सहा, ज्याला आता त्रेपन्न म्हणतात, तो नागपूरहून निघून भंडारा, लाखनी, साकोली करत पुढे छत्तीसगडात जातो. या रस्त्यावर उभं राहिलं की सगळ्या बोली ऐकायला मिळतात. नागपूरचा हॉर्न 'बे' म्हणतो. भंडाऱ्याचा हॉर्न 'जी' म्हणतो. 'थोडं सरकता का जी?' असा त्याचा सूर. छत्तीसगडचा ट्रक काही म्हणतच नाही, तो फक्त येतो. इंडिकेटरचंही तसंच. पुढच्या ट्रकने उजवा दिवा मिचकावला तर त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतो आहे' असा असू शकतो, किंवा 'या, खुशाल पुढे जा' असाही असू शकतो. या दोन अर्थांमध्ये किती अंतर आहे हे ओव्हरटेक करणाऱ्याला एकदाच कळतं.

आमच्या जिल्ह्यातल्या वाहतुकीचे काही अलिखित नियम आहेत. पावसाळ्यात चिखलणी करून आलेला ट्रॅक्टर लोखंडी चाकांसकट रस्त्यावर दिसला तर त्याला वाट द्यावी, कारण तो भाताचा मालक आहे. दिवाळीच्या सुमाराला अर्ध्या डांबरी रस्त्यावर धान वाळत घातलेलं असेल तर उरलेल्या अर्ध्यावरून जावं, कारण ते भात आहे. दोन मोटरसायकलवाले शेजारी शेजारी गप्पा मारत चालले असतील तर विषय संपेपर्यंत हॉर्न वाजवू नये. आणि पुढच्या स्कूटरवर आपले जुने मास्तर असतील तर त्यांना ओव्हरटेक करायचंच नाही, मग पवनी यायला संध्याकाळ झाली तरी चालेल. या शेवटच्या नियमासाठी कुठल्याही पोलिसाची गरज पडलेली मी पाहिली नाही.

आमचे साडू पुण्याचे. ते दरवर्षी मोटार घेऊन येतात आणि उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत म्हणतात, "तुमच्याकडे लोकांना गाडी चालवता येत नाही बुवा." माझा मेहुणा नागपूरचा. तो पुण्याला जाऊन आला की हेच वाक्य पुणेकरांबद्दल म्हणतो. एकदा दोघे आमच्या ओसरीवर समोरासमोर आले. दोन तास वाद झाला. त्यातून निष्पन्न झालं ते एवढंच की महाराष्ट्रात गाडी चालवता येणारी माणसं दोन, आणि ती दोघंही आमच्याकडे जेवायला थांबली आहेत.

वाद ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्या गावचा माणूस सिग्नल मोडून गेला तर आपण म्हणतो, घाई असेल बिचाऱ्याला, घरी कोणी आजारी असेल. परक्या नंबरचा गेला तर म्हणतो, ते तसलेच! आपल्याच्या चुकीला कारण असतं, परक्याच्या चुकीला जिल्हा असतो. आता हा प्रकार फक्त मोटारीपुरता असता तर मी हा लेख लिहिला नसता. पण जातीबद्दल, धर्माबद्दल, शेजारच्या राज्याबद्दल आपण जे बोलतो त्याची सगळी गाडी याच गिअरवर चाललेली असते. पाटी वाचली की माणूस वाचायची गरज उरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' नावाच्या ग्रंथात गायजीसच्या अंगठीची गोष्ट येते. एका धनगराला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत फिरवला की तो अदृश्य होतो. मग तो काय करतो? राणीला फितवतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. प्रश्न असा की, कोणी पाहत नाही अशी खात्री असेल तर सज्जन माणूस सज्जन राहील का? ग्रीक लोकांना यासाठी जादूची अंगठी लागली. आपल्याला जिल्ह्याची हद्द पुरते. भंडाऱ्याच्या बाजारपेठेत जो गृहस्थ म्हशीलासुद्धा आधी वाट देतो, तोच नागपुरात शिरला की उलट्या बाजूने एकेरी रस्त्यात घुसतो. कारण तिथे त्याला ओळखणारं कोणी नाही. तिथे तो अमक्याचा जावई नाही, तमक्या शाळेतला शिक्षक नाही, नुसता एमएच ३६ आहे. जो काही शिव्याशाप मिळेल तो जिल्ह्याच्या खात्यावर जमा होतो आणि गृहस्थ कोरडे घरी येतात. म्हणजे नंबरप्लेट गावात ओळख देते आणि परगावात बुरखा देते. एकच पत्रा, दोन कामं.

मग मनात येतं की आमचा सज्जनपणा नक्की कोणाचा? आमचा, की मास्तरांच्या नजरेचा?

कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने यावर एक कसोटी सांगितली आहे. तुम्ही ज्या नियमाने वागता तो सगळ्यांचा नियम व्हावा असं तुम्हाला म्हणता येईल का, ते पाहा. कांट आपल्या गावाबाहेर फारसा गेला नाही असं सांगतात. तो आपल्याकडच्या रेल्वे फाटकावर आला असता तर हा सिद्धान्त त्याला जास्त सोपा करून लिहिता आला असता. फाटक बंद होतं. एक शहाणा रांग सोडून उजव्या बाजूने पुढे जाऊन उभा राहतो. त्याचं पाहून दुसरा, मग दहावा. पलीकडेही तेवढेच शहाणे असतात. गाडी निघून जाते, फाटक उघडतं आणि दोन्ही सैन्यं समोरासमोर. रस्ता पूर्ण भरलेला, हलायला कोणालाच जागा नाही. यात कुठल्या जिल्ह्याचा नंबर वेगळा वागला असं मी पाहिलेलं नाही. पळसाला पानं तीनच, आणि आमच्याकडे पळसाला तोटा नाही.

एका पावसाळ्यात साकोलीच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही चार-पाच जण चहा पीत होतो. समोर एक मोटार घसरली आणि रस्ता सोडून खालच्या बांधीत उतरली. भाताचं रोप, पाणी, चिखल, त्यात मोटारीचं तोंड. सगळे धावले. रस्त्याच्या कडेला पहिला आवाज उठला तो, "कोठची गाडी होय जी?" दुसरा म्हणाला, "एकतीस दिसते." तिसरा म्हणाला, "मंग बरोबर आहे. नागपूरवाले असेच हाकलतात." यावर दोन जणांनी आपापले अनुभव सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात बांधीत रोवणी करणारी एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून ओरडली, "अरे बाबूहो, पयले मानसाले बाहेर काढा! नंबर कुठी पळून नाही चालला."

मग सगळे चिखलात उतरले. आत एक तरुण मुलगा होता. खांदा दुखावला होता, घाबरला होता, पण शुद्धीवर होता. ज्याने 'असेच हाकलतात' म्हटलं होतं त्यानेच त्याला पाठीवर घेतलं, आणि वर आणेपर्यंत 'काही नाही होत जी, काही नाही होत' असं म्हणत राहिला. अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांचा आणि कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नियमांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यात आलं. चांगलंच झालं. पण त्या म्हातारीने यातलं काही वाचलेलं नव्हतं. तिने नंबरही वाचलेला नव्हता. कदाचित म्हणूनच तिला माणूस आधी दिसला.

तेव्हा गावाचा आकडा पाटीवरून काढूनच टाकला तर? तसेही प्रयोग चालू आहेत. बदलीच्या नोकरदारांसाठी २०२१ पासून 'बीएच' मालिका निघाली आहे, तिच्यात राज्यसुद्धा कळत नाही. फ्रान्समध्ये २००९ पासून गाडीवर कुठल्याही विभागाचा आकडा मालकाच्या आवडीने लावता येतो. आपल्याकडेही आकड्यांना वळण देऊन ४१४१ चं 'दादा' करणारे आणि २१४ चं 'राम' करणारे कलावंत होते. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना छापील सुरक्षित पाट्या सक्तीच्या झाल्या आणि ही लोककला बसली. पण पाटी बदलून काय होणार? ज्याला परका शोधायचा आहे त्याला 'बीएच' दिसला की तो म्हणेल, 'हे बदलीवाले असेच!'

माझं म्हणणं एवढंच आहे की आकडा राहू द्या. तो वाचायचा कसा, ते आपल्या हातात आहे. साडूंना मी मागच्या खेपेला हेच सांगितलं. छत्तीस म्हणजे पाठ फिरवून बसलेले तीन आणि सहा, हे खरं. पण लग्नाची पत्रिका जुळवताना जास्तीत जास्त गुण किती? तेही छत्तीसच. साडू बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण सगळे छत्तीस गुण जुळलेल्यांचे संसार कसे चालतात, ते मी पाहिलं आहे."

पुणेकरच ते!