सत्ता गेल्यावर उरते ते काय?

निवडणुकीचा निकाल लागला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. जिंकलेला म्हणतो, आधीच्याने काहीच केले नाही. हरलेला म्हणतो, झाले ते सगळे मीच केले. म्हणून प्रश्न पडतो की सत्ता गेली, विरोधी पक्ष खुर्चीवर बसला, तर गेलेल्या माणसाचे खरोखर मागे काय राहते? प्रश्न राजकारणाचा वाटला तरी मुळात तो कर्तेपणाचा आहे, आणि कर्तेपणाचा विचार वारकऱ्याला परका नाही.

उदाहरण आपल्याच देशातले घेऊ. १३ मे २००४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. २२ मे रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी शपथ घेतली.

वाजपेयींच्या काळात रस्त्यांची दोन मोठी कामे हाती घेतली होती. एक, दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणारा सुमारे ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन. आपला पुणे-सातारा-कोल्हापूर रस्ता त्याचाच भाग. दुसरे, डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना. सरकार गेले तेव्हा दोन्ही कामे अपुरी होती. नव्या सरकारने ती टाकून दिली नाहीत. चतुष्कोन पुढे पूर्ण झाला, आणि ग्रामीण रस्त्यांचे काम 'भारत निर्माण' कार्यक्रमात घेऊन पुढे चालू ठेवले गेले. ग्रामसडक योजनेच्या नावात पद आहे, माणूस नाही. म्हणून पदावर कोणीही आला तरी त्याला ती आपली म्हणता येते.

आपल्या सप्ताहात वीणा अशीच चालते. पहारा संपला तरी वीणा खाली टेकवायची नाही. दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. देणारा म्हणत नाही की माझ्यासारखे भजन तुला जमायचे नाही. घेणारा म्हणत नाही की आता खरे भजन सुरू झाले. दोघांचे घरी, बांधावर पटत नसेलही, पण वीणा विठ्ठलाची आहे हे दोघांनाही ठाऊक असते.

वाजपेयी स्वतःही एकदा घेणाऱ्याच्या जागी होते. १९७७ मध्ये काँग्रेसचा पराभव होऊन जनता पक्षाचे सरकार आले आणि ते परराष्ट्रमंत्री झाले. मंत्रालयाच्या इमारतीत पूर्वी पाहिलेले नेहरूंचे चित्र भिंतीवर दिसेना. त्यांनी चौकशी केली, आणि चित्र पुन्हा जागेवर आले. ही गोष्ट पुढे त्यांनीच लोकसभेत सांगितली. ज्या नेहरूंवर त्यांनी संसदेत कडाडून टीका केली होती, त्यांचीच ही तसबीर. २००८ मध्ये राज्यसभेत मनमोहन सिंगांनी वाजपेयींना भारतीय राजकारणातले भीष्म पितामह म्हटले. विरोध होता तिथे विरोध राहिला, पण कृतज्ञता आटली नाही.

तरी वारसा म्हणजे नुसती जमेची बाजू नव्हे. बापाचे शेत मिळते तेव्हा सातबाऱ्यावरचा बोजाही मिळतो. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर वाजपेयींनी राजधर्माची आठवण करून दिली, पण आठवण देऊन पंतप्रधानाचे काम संपते का, हा प्रश्न त्यांच्या नावामागे राहिलाच. 'इंडिया शायनिंग'चा गजर चालू असताना कोरडवाहू शेतकरी कर्जात बुडत होता. सरकार बदलले तरी विदर्भातल्या आत्महत्या थांबल्या नाहीत. म्हणजे अपुरे काम नव्याकडे आले, तसे न फिटलेले देणेही आले. रस्ता पुरा केला तर तो आमचा, आणि शेतकऱ्याचे दुःख मात्र त्यांच्या काळातले, असा हिशेब कुणालाच करता येत नाही.

यातून एक कसोटी हाती येते. मी गेल्यावर माझ्या विरोधकालाही जे पुढे न्यावेसे वाटेल, ते काम लोकांचे होते. माझ्या नावाची पाटी निघताच जे बंद पडेल, ते बहुधा माझ्या अहंकाराचे होते. घेणाऱ्याची कसोटीही हीच. चांगले काम केवळ दुसऱ्याने सुरू केले म्हणून जो मोडतो, तो विरोधकाला हरवत नाही. तो ज्यांनी निवडून दिले त्यांचेच पाणी तोडतो.

दिल्ली लांब आहे, गाव जवळ आहे. जुन्या सरपंचाची नळयोजना नव्याने बंद पाडली, तर हंडा घेऊन आपली लेकीबाळीच ओढ्यावर जाणार. देवस्थानचे पंच बदलले आणि आधीच्यांनी चालवलेले अन्नछत्र थांबले, तर पंगतीतून वारकरीच उपाशी उठणार. मत कुणालाही द्यावे, तो ज्याचा त्याचा अधिकार. पण निकालानंतर गुलाल उधळण्याआधी निवडून आलेल्याला एवढे विचारावे: "दादा, आधीच्याचे कोणते काम तू पुढे नेणार? आणि त्याचे कोणते देणे तू फेडणार?"

आणि पहारा संपलेल्यानेही गळ्यातली वीणा आनंदाने उतरवून द्यावी. भजन चालू राहिले, यातच त्याची सेवा रुजू झाली.

रामकृष्णहरी!