मुलांसाठी हवेत, की चांगले?

नातीच्या सहाव्या वाढदिवसासाठी रंग आणायला मी अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात शिरलो. काउंटरमागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले,

"मुलांसाठी हवेत, की चांगले?"

'दूध गाईचं देऊ की म्हशीचं' या सुरात त्यांनी विचारले आणि मीही त्याच सुरात "मुलांसाठी" म्हणून मोकळा झालो. बत्तीस खडूंची पेटी पिशवीत टाकून शनिपारापर्यंत चालत आल्यावर माझ्या ध्यानात आले, की आपण आत्ताच एका तात्त्विक प्रश्नाचे उत्तर देऊन आलो आहोत आणि ते चुकलेले आहे.

तुम्ही म्हणाल, खडूत कसले आले तत्त्वज्ञान? पण आपली मध्यमवर्गीय घरे आठवून पाहा. चांगले कप पाहुण्यांना, चांगली चादर पाहुण्यांना आणि कान तुटलेला कप घरच्या पोराला. का? तर "त्याला काय कळतंय!" चांगल्या वस्तूवर हक्क कोणाचा, ज्याला तिची किंमत कळते त्याचा की ज्याला तिचा उपयोग आहे त्याचा, या प्रश्नाचा निकाल आपण फडताळात कप मांडतानाच लावून टाकलेला असतो.

घरी आल्यावर छकुली सूर्य काढायला बसली. पिवळा खडू कागदावरून फिरला, पण कागदाने त्याची दखलच घेतली नाही. हलक्या खडूत मेण भरपूर आणि रंग नावाला, हे मला पुढे कळले. तिने जोर लावला. खडू मोडला. तुकड्यावर आणखी जोर लावला. कागद फाटला. मग ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, मला सूर्य येत नाही."

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मोठ्यांसाठी आहे. मुलांच्या बाबतीत नेमके उलटे होते. अंगण खरोखरच वाकडे असते आणि पोर बिचारे समजते की आपल्यालाच नाचता येत नाही. मोठा चित्रकार हलक्या रंगातूनही काहीतरी काढील, कारण दोष कुणाचा हे त्याला ठाऊक असते. म्हणजे चांगल्या साहित्याची गरज जास्त कुणाला? दुकानदारांचा प्रश्नच उलटा होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात हजर. "आता चांगले?" ते म्हणाले. गृहस्थ अनुभवी होते. त्यांच्या कृपेने मला बरेच ज्ञान झाले. बत्तीस रंगांची पेटी म्हणजे बत्तीस पक्वान्ने, निम्मी उष्टावायचीच राहतात. त्यापेक्षा तांबडा, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच घ्यावेत, पण त्यांत रंग भरपूर असावा. हिरवा तयार मिळाला की तो पेटीतला एक खडू. पिवळ्यात निळा कालवून मिळाला की तो स्वतः लावलेला शोध. कागदाचेही तसेच. ऑफिसातला साधा कागद ऐंशी जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचा. तसले ए-४ आकाराचे सोळा कागद जोडले की एक चौरस मीटर भरतो, तेव्हा एकाचे वजन पाच ग्रॅम. त्याच्यावर पाणी पडले की त्याचा पापड होतो. जलरंगाचा जाड कागद ३०० जीएसएमचा असतो, तो पाणी पिऊनही शुद्धीवर राहतो. वेष्टनावर 'नॉन-टॉक्सिक' आहे का ते पाहावे, कारण मूल रंग चाखून बघणारच. शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. उलट लेड क्रोमेट नावाच्या पिवळ्याधमक रंगात मात्र ते असते. नावावर जाऊ नये, हा धडा माणसांइतकाच रंगांनाही लागू!

"आणि ब्रश? सगळ्यांत उत्तम द्या," मी उदारपणे म्हणालो.

"उत्तम म्हणजे मुंगसाच्या केसांचे असत पूर्वी," ते म्हणाले. "कायद्याने बंद आहेत. नायलॉनचा घ्या."

हेही खरेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे मुंगसाला संरक्षण आहे. एका नातीच्या सूर्यासाठी मुंगसाचे पिल्लू पोरके करायचे, म्हणजे 'उत्तम' या शब्दाचा हिशेब नव्याने मांडायला हवा. मी सहा नंबरचा नायलॉनचा ब्रश घेतला.

घरी चांगले रंग आले, चांगला कागद आला आणि माझी तोंडपाटीलकी सुरू झाली. "जपून हं!" "एवढा पिळू नकोस!" "कागद महाग आहे बरं!" छकुली अर्धा तास मान खाली घालून बसली. पाहतो तर एवढ्या मोठ्या कागदाच्या एका कोपऱ्यात मुंगीएवढा हत्ती.

"अगं, हत्ती एवढासा का?"

"कागद संपू नये म्हणून."

मला एकदम वडिलांची आठवण झाली. १९७१ साली मी एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलो. त्याच्या दोन वर्षे आधी वडिलांनी बारा ट्यूबांची पेटी आणली होती. त्या महिन्यात त्यांनी नव्या चपला न घेता जुन्यांनाच तळ ठोकून घेतले, हे मला दिसले होते. पेटी देताना म्हणाले, "परीक्षेला काढायची. तोवर जुन्या वड्यांवर सराव कर." परीक्षेच्या दिवशी पेटी उघडली. टोपणे फिरेनात. एक फिरले, तर आत दगड! शेजारच्या मुलाच्या रंगांवर कशीबशी सी ग्रेड मिळाली. वडील म्हणाले, "रंग वाळले रे, नाहीतर ए आणली असतीस." ते मला धीर देत होते की स्वतःला, हे त्या वयात कळले नाही. पेटी अजून माळ्यावर आहे.

त्यांचे चुकले, असे म्हणायला जीभ रेटत नाही. ऐपतीबाहेर जाऊन त्यांनी मला रंग दिले. फक्त परवानगी द्यायची राहिली. आणि पन्नासहून अधिक वर्षांनी, कसली ओढाताण नसताना, मीही तेच करत होतो.

उधळपट्टीची तरफदारी करायची नाही मला. पण एक हिशेब मात्र पटला आहे. जी वस्तू वाया गेली तर आपल्या पोटात गोळा येतो, ती आपण मुलाला दिलेली नसतेच, नुसती त्याच्या हाती ठेवलेली असते. तेव्हा सोसेल तेवढेच घ्यावे, पण घेतले की सोडावे. बत्तीसऐवजी चार रंग आणा, रेघोट्यांना पाठकोरे कागद आणि रंगाला मोजकेच पण जाड. मग त्यांचे काय होते ते पाहायला उभे राहू नका.

हे मी छकुलीला सांगितले नाही. नुसता दुसरा कागद दिला आणि म्हटले, "हत्ती हत्तीएवढा काढ." तिने काढला. कागदात मावला नाही, तेव्हा दोन पाय आणि शेपूट फरशीवर उतरली. निळ्याची ट्यूब निम्मी संपली. माझ्या तोंडून सवयीने "जप..." एवढे बाहेर पडलेच, पुढचे मी गिळले.

"काय म्हणालात?" आतून सौ.चा आवाज आला.

"काही नाही," मी म्हणालो. "जप करतोय."