ब्रेक नसलेली मोटरसायकल

स्वीडनमधल्या मालिल्लासारख्या चिमुकल्या गावालाही स्वतःचा स्पीडवे क्लब आहे. दाकार्ना त्याचं नाव. मातीचा अंडाकृती ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या, आणि मोटरसायकलला ब्रेकच नाहीत! वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत वेग सांभाळायचा. याच देशाचा ओव्हे फुंदिन 5 वेळा जगज्जेता झाला.

पुण्यात स्पीडवे नाही. पण 28 जानेवारी 2024 रोजी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी रंगली, मातीच्या उंचवट्यांवरून मोटरसायकली हवेत झेपावल्या, आणि एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला. निव्वळ खेळासाठी जीव धोक्यात घालणं धर्माला धरून आहे का?

देह ही देवाची ठेव मानणाऱ्या घरात याचं उत्तर चटकन ‘नाही’ असं येतं. गीता मात्र इतकी घाई करत नाही. अठराव्या अध्यायात तामस कर्माची लक्षणं सांगितली आहेत: परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता, मोहापायी आरंभलेलं कर्म. तिथं आक्षेप धोक्यावर नाही, अविचारावर आहे.

ही कसोटी लावली की चित्र पालटतं. ट्रॅकवरचा स्वार हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून उतरतो. कुठली उडी आपल्याला झेपेल हे त्याने सरावात जोखलेलं असतं. जानेवारी 2019मध्ये याच शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला होता. लक्ष्मी रस्त्यावर उघड्या डोक्याने, मागे लेकराला बसवून जाणारी दुचाकी गीतेच्या त्या व्याख्येत ट्रॅकवरच्या झेपेपेक्षा कितीतरी सहज बसते. सांभाळून चालवतो म्हटल्याने डोकं वाचत नाही; धक्का दुसऱ्याच्या चुकीनेही बसतो.

तरीही शर्यतीची बाजू इथं निर्विवाद ठरत नाही. ऑगस्ट 2023मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर बेंगळुरूचा 13 वर्षांचा स्वार शर्यतीत पडला आणि दगावला. गीतेतली ‘स्वतःची कुवत’ तेराव्या वर्षी कुणी जोखायची? मुलाला वेगाची ओढ असते, कौशल्यही असू शकतं. मृत्यूचा अर्थ मात्र त्या वयात पुरता उमगलेला नसतो. म्हणून तो विचार आईवडील, प्रशिक्षक आणि आयोजक यांनाच करावा लागतो. मुलाच्या हट्टाकडे किंवा हौसेकडे बोट दाखवून त्यांना त्यातून सुटता येत नाही.