तेच यंत्र की तसेच यंत्र?

प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला, स्वतःची कार्यप्रणाली आणि नेटवर्कवरील स्वतःचा पत्ता असलेला संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आणि अशी यंत्रे एकेक करून हाताने न मांडता आपोआप सिद्ध करायची असतील, तर ती कोणती, कोणत्या गटातली आणि कोणत्या पत्त्यावरची हे सांगणारी यादी आधी लिहावी लागते, जिला इन्व्हेंटरी म्हणतात. 2012 साली आलेल्या ॲन्सिबल या साधनात ही यादी बहुधा साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात यंत्राचे नाव आणि त्याचा पत्ता वेगवेगळे नोंदवता येतात, आणि त्यामुळे जुने यंत्र पुसून नवे उभारले, पत्ताही बदलला, तरी नाव कायम राहते. मग त्या नावाचे यंत्र तेच राहिले काय?

‘हा तोच’ या ओळखीला भारतीय दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात. बाधक प्रमाण नसेल तर तीवरून वस्तूचे स्थैर्य सिद्ध होते, असे नैयायिक मानतात; क्षणिकवादी बौद्धांच्या मते मात्र दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही सादृश्यामुळे एकच भासते. गंमत अशी की यंत्रांच्या व्यवहारात हे बाधक प्रमाण खरोखरच उपलब्ध आहे. दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करणारी एसएसएच ही पद्धत पहिल्या भेटीत त्याची सार्वजनिक किल्ली नोंदवून ठेवते, आणि पुढे त्याच नावामागे वेगळी किल्ली आढळली की इशारा देऊन सहसा जोडणीच नाकारते. यादी ज्याला तेच म्हणते, त्याला किल्ली परके ठरवते. पण तिची जोडीदार असलेली जुन्या यंत्राची गुप्त किल्ली नव्या यंत्रावर उतरवली तर हीच तपासणी निमूट मान्यता देते. म्हणजे किल्लीनेही सिद्ध होते ते एका गुपिताचे सातत्य, यंत्राचे नव्हे. अनेक व्यवस्थापक ही तपासणी सरळ बंद करून टाकतात, जे सोयीचे असले तरी तोतयालाही दार उघडे ठेवणारे आहे.

इथवर बौद्ध पक्ष सरस वाटतो, कारण यादीतले नाव व्यक्तीचे नसून भूमिकेचे असते. तथापि जे यंत्र केवळ वेबपाने पुरवते त्याला लागू पडणारा हा न्याय डेटाबेस सांभाळणाऱ्या यंत्राला तसाच लावता येत नाही, कारण त्याच्या डिस्कवर साचलेल्या नोंदी यादीत नसतात आणि यादीवरून पुन्हा निर्माणही होत नाहीत. बौद्धांनाही कर्मफलाची संगती लावण्यासाठी क्षणांच्या प्रवाहाची, म्हणजे संतानाची, कल्पना स्वीकारावी लागली. इथे तो प्रवाह डिस्कमधून वाहतो, आणि ती नव्या यंत्राला जोडली नाही, तर नाव, गट, पत्ता, किल्ली सारे जुळूनही जे उभे राहते ते कोरेच असते.